पाट्यांच्या गाडीचीं मागचीं चाकें

भरलेली मालमोटार चढावर उभी असावी, ड्रायव्हरानें क्लच सोडावा, आणि गाडी पुढें सरकण्याऐवजीं तिच्या मागच्या अंगाला एकदम हींव भरावें, हा देखावा अनेकांनीं पाहिलेला असतो. चाकें फिरतात, थांबतात, पुनः फिरतात. मागचा सांगाडा धडधड आदळतो. रस्त्यावर रबराचे तुटक तुटक डाग उमटतात. पाहणारे म्हणतात, इंजिनांत दम नाहीं. ड्रायव्हर म्हणतो, टायर झिजले. दोघांच्याहि म्हणण्यांत थोडें तथ्य असतें. परंतु पुष्कळ वेळां खरा अपराधी टायरहि नसतो आणि इंजिनहि नसतें. तो आंसाच्या शेजारींच निमूटपणें बसलेला असतो. तो म्हणजे गाडीचा पाटा होय.

टांगा किंवा बग्गी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना पाटा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. पोलादाच्या लवचिक पट्ट्या एकीवर एक रचून मधोमध आवळल्या, कीं कमानीसारखी जी स्प्रिंग होते तोच पाटा. घोडागाडींत त्याला एकच काम असे: भार झेलणें व धक्के शोषणें. चाकें ओढण्याचें काम घोड्याकडे असल्यामुळें पाट्यावर दुसरी जबाबदारी नव्हती. मोटारींत मात्र जोर मागच्या चाकांतूनच निघतो, आणि तेथून पाट्याच्या नशिबाला तिहेरी चाकरी आली. त्यानें भार वाहावा. आंस जागच्या जागीं धरून चाकांचा रेटा गाडीच्या सांगाड्याला पोंचवावा. आणि शिवाय आंसाला उलट फिरूं देऊं नये.

या रचनेला हॉचकिस ड्राइव्ह असें म्हणतात. तोफा व मोटारी करणाऱ्या एका फ्रेंच कारखान्याच्या नांवावरून हें नांव पडलें. ती सर्वांनाच एकदम पटली होती असें मात्र नाहीं. फोर्डच्या मोटारींत १९४८ पर्यंत मागचा शाफ्ट एका भक्कम नळींत बंद केलेला असे, आणि आंसाला फिरूं न देण्याचें काम ती नळी व तिच्या जोडीचे दोन दांडे करीत. पाट्याकडे केवळ भार असे. १९४९ सालच्या फोर्डमध्यें ती नळी गेली, शाफ्ट उघडा झाला व तिचें काम पाट्यांच्या गळ्यांत पडलें. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, दुरुस्तीला सोपी झाली. आणि पाट्याचा पीळ हा नवा रोगहि तिच्याबरोबर आला.

हा पीळ कसा पडतो तें नीट ध्यानांत घेतल्यावांचून पुढचें कांहींच उमगणार नाहीं. चाक पुढें फिरवावयाचें तर आंसाच्या कवचाला तितक्याच जोरानें मागें फिरण्याची ओढ लागते. होडींतून कांठावर उडी मारणाऱ्याच्या पायाखालची होडी मागें सरकते, तद्वत्च हें आहे. कवच मागें फिरूं लागलें म्हणजे शाफ्ट जेथें आंत शिरतो तें त्याचें नाक वर उचललें जातें. कवच पाट्याला घट्ट आवळलेलें असल्यामुळें पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर फुगतो, मागचा अर्धा खालीं दबतो, आणि सरळ कमानीला सापासारखें वळण येतें. आतां त्या वळलेल्या पोलादांत धनुष्याच्या दोरींत सांठावा तसा जोर सांठतो. इतक्यांत टायर निसटतो. जोर मोकळा होतो. पाटा सटकन् सरळ होतो व चाकाला उडवितो. चाक खालीं येऊन पुनः जमीन धरतें, पुनः पीळ चढतो, पुनः टायर निसटतो. एका सेकंदांत हें अनेकदां घडतें. यालाच गाडी नाचते असें म्हणतात, आणि या नाचांत शाफ्टचे सांधे, पाट्याचा सेंटर बोल्ट, फार काय डिफरन्शियलचे दांतेहि बळी पडतात. चढावर, मागें जोडगाडी ओढीत असतां शाफ्ट तुटला, तर अपघात किती गंभीर होईल याची कल्पना करणें कठीण नाहीं.

हा पीळ किती मोठा असतो हें एका ढोबळ हिशेबानें पाहण्यासारखें आहे. इंजिनाचें पिळाचें बळ, ज्याला यंत्रकार टॉर्क म्हणतात, तें ५० किलोग्रॅम-मीटर धरलें, पहिल्या गिअरनें तें अडीचपट व डिफरन्शियलनें चौपट केलें, तर आंसावर ५०० किलोग्रॅम-मीटर येतें. पण हें सगळें बळ पाट्यापर्यंत नेहमींच पोंचतें असें समजूं नये. टायरची पकड जेथें सुटते तेथेंच बळाची सीमा होते. रिकाम्या पिकअप गाडीच्या मागच्या आंसावर ८०० किलोग्रॅम भार आहे, कोरड्या रस्त्यावर पकड भाराच्या दहा आण्यांत आठ आणे आहे, आणि चाकाची त्रिज्या ३८ सेंटिमीटर आहे असें मानलें, तर सुमारें २४३ किलोग्रॅम-मीटरलाच टायर घसरूं लागेल. तीच गाडी भरून मागच्या आंसावर १८०० किलोग्रॅम आले, कीं ही सीमा ५४७ वर जाते, म्हणजे इंजिन देईल तेवढें सगळें बळ पाट्याला सोसावें लागतें. उलट बर्फावर पकड भाराच्या सातव्या हिश्शाइतकीहि राहत नाहीं. मग रिकाम्या गाडीच्या पाट्याला पिळण्याइतकें बळच उत्पन्न होत नाहीं. चाक नुसतें जागच्या जागीं गरगर फिरतें.

या तीन आंकड्यांत साधन-निवडीचें निम्मेंअधिक रहस्य आहे. अमेरिकेंतील बर्फाळ प्रांतांतला कोणी शेतकरी आपली रिकामी पिकअप हिंवाळ्यांत घसरते म्हणून पीळ-रोधक दांडे विकत घेईल, तर त्याचे पैसे पाण्यांत गेलेच म्हणून समजावें. त्याला हवे आहेत बर्फाचे टायर, आंसाच्या वर नीट बांधून ठेवलेल्या वाळूच्या चार पिशव्या, आणि दोन्ही चाकांना जोर देणारें डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलांत जें चाक हलकें त्यालाच जोर पळून जातो, आणि हा दोष जगांतला कोणताहि दांडा दूर करूं शकत नाहीं. जो कोरड्या रस्त्यावर जड ओझें ओढतो, किंवा रुंद व चिकट टायर लावून शर्यतींत उतरतो, किंवा खडकाळ रानांत चारचाकी जोरावर गाडी चढवितो, त्याच्याच गाडीला हा रोग खरोखर जडतो. चांगले टायर घातल्यावर गाडी अधिक नाचूं लागली अशी तक्रार कित्येकदां ऐकूं येते; त्यांत नवल कांहींच नाहीं. पकड वाढली, म्हणून पीळ वाढला.

दांडे लावल्यानें गाडीचें वजन मागच्या चाकांवर जातें, असें विक्रेते छातीठोकपणें सांगतात. यांत अर्धें सत्य आहे. वेग घेतांना मागच्या चाकांवर किती भार सरकावा हें गाडीचें वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन आंसांमधलें अंतर आणि वेगाची वाढ यांनींच ठरतें. २००० किलोग्रॅमची गाडी, उंची ७० सेंटिमीटर, आंसांमधलें अंतर साडेतीन मीटर, आणि वेगाची वाढ गुरुत्वाकर्षणाच्या पाव हिश्शाइतकी, असें धरलें तर १०० किलोग्रॅम मागें सरकतात. दांडा लावा वा न लावा, ते शंभरच. मात्र दांडा सांगाड्याला वर रेटतो तेव्हां त्याच्या प्रतिक्रियेनें आंस क्षणभर खालीं दाबला जातो, आणि तो क्षण शर्यतींत मोलाचा असतो. ओझें ओढणाऱ्याला या क्षणाचें सोयरसुतक नसतें. त्याला नाच थांबला म्हणजे पुरे.

मोटारीच्या कारखान्यांनीं स्वतःच या रोगावर काय उपाय केले, तें पाहणें बोधप्रद आहे. क्रायस्लर कंपनीचे पाटे पुष्कळ काळ असे असत कीं आंस मधोमध न बसवितां पुढच्या बाजूला बसविलेला असे. पुढचा भाग आंखूड झाला म्हणजे तो ताठ होतो व पिळाला दाद देत नाहीं. मागचा लांब भाग मऊपणा सांभाळतो. १९६० नंतरच्या दशकांत शर्यतीसाठीं त्यांनीं जे सुपर स्टॉक पाटे काढले, त्यांत डावा व उजवा एकसारखे नव्हते. याचें कारण मोठें मजेदार आहे. शाफ्ट फिरतांना आंसाला आडवाहि पिळतो, व त्यामुळें उजवें मागचें चाक हलकें होतें. म्हणून उजवा पाटा निराळा. शिवाय आंसाच्या नाकाच्या वर एक रबरी ठोकळा ठेवीत, म्हणजे नाक वर आलें कीं त्याला टेकावें. ही युक्ति अतिशय स्वस्त आहे, आणि साध्या गाडीला ती पुष्कळदां पुरेशी होते.

शेव्हरलेच्या १९६७ सालच्या कॅमेरो मोटारीला पाटा म्हणून एकच पट्टी होती. ही गाडी जोरदार इंजिनाबरोबर इतकी नाचूं लागली कीं त्या वर्षीं अधिक जोराच्या नमुन्यांना उजव्या बाजूला एक दांडा द्यावा लागला, आणि १९६८ मध्यें जोरदार गाड्यांना अनेक पट्ट्यांचा पाटा देऊन दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बरांपैकीं एक आंसाच्या पुढें व दुसरा मागें बसविण्यांत आला. दोन्ही एकाच बाजूला असले म्हणजे आंसाच्या उलटसुलट फिरण्याला ते विरोध करूं शकत नाहींत. पुढें-मागें असले म्हणजे करतात. आजच्या अमेरिकन पिकअप गाड्यांपैकीं पुष्कळांच्या खालीं वांकून पाहिलें तर हीच मांडणी दिसते. कांहीं कारखान्यांनीं तर पाट्यालाच रजा दिली. रॅम १५०० ला २००९ पासून व टोयोटा टुंड्राला २०२२ पासून मागें गुंडाळीच्या स्प्रिंगा व स्वतंत्र दांडे आहेत. शेव्हरलेनें मात्र उलट प्रवास केला: १९६० ते १९७२ या काळांत तिच्या बहुतेक हलक्या पिकअप गाड्या गुंडाळीच्या स्प्रिंगांवर होत्या, आणि १९७३ मध्यें ती पाट्यांकडे परत आली. ओझें वाहणाऱ्याला पाट्याइतका साधा व सोशिक सेवक मिळत नाहीं, हेंच त्याचें कारण.

आतां बाजारांतील साधनांकडे वळावयाचें.

सर्वांत जुना व स्वस्त प्रकार म्हणजे थापटदांडा. पाट्याच्या खालीं, आंसाच्या बैठकीलाच एक पोलादी दांडा आवळावयाचा; तो पुढें पाट्याच्या पुढच्या कानाखालीं जातो, आणि त्याच्या टोंकावर रबराचा गट्टू असतो. नाक वर उचलूं लागलें कीं दांडा वर येतो, गट्टू थाडकन् कानाखालीं टेकतो, व पीळ तेथेंच थांबतो. गट्टू नेमका कानाच्याच खालीं आला पाहिजे. तो चार बोटें मागें, पट्टीच्या पोटाखालीं टेकला तर आधार होण्याऐवजीं पट्टीच वांकवितो. शर्यतींतल्या मोटारीला हें साधन ठीक आहे. मालगाडींत मात्र एक खोंच आहे, व ती घेणाऱ्याच्या क्वचितच लक्षांत येते. गाडी भरली कीं पाट्याची कमान सपाट होते, म्हणजेच आंसाच्या मानानें कान खालीं येतो, आणि रिकाम्या गाडींत सोडलेली फट नाहींशी होते. मग दांडा सदाच टेकलेला राहतो, पाटा हलूं शकत नाहीं, आणि प्रत्येक खड्डा थेट सांगाड्याच्या हाडांना कळतो. जी गाडी कधीं रिकामी व कधीं भरलेली धांवते, तिला थापटदांडा लावूं नये हेंच शहाणपण.

दुसरा प्रकार शिडीदांड्याचा. मागें आंसाला खालीं-वर दोन ठिकाणीं जखडलेला, पुढें एका खिळीवर सांगाड्याला टांगलेला, असा हा त्रिकोणी दांडा दिसावयास मोठा मर्दानी असतो, आणि बहुतेक खरेदी त्याच्या या रूपामुळेंच होते. त्याचें बळ वादातीत आहे. परंतु पाट्याच्या गाडींत तो सवतीसारखा नांदतो. पाटा लवतो तेव्हां आंस पाट्याच्या पुढच्या कानाभोंवतीं एका कमानींत फिरतो. शिडीदांडा त्याला आपल्या खिळीभोंवतीं निराळ्या कमानींत फिरवूं पाहतो. दोघांचें जमत नाहीं, आणि ज्याचा सांधा कच्चा तो आधीं मोडतो. म्हणून शर्यतवाले पाट्याची बैठक आंसावर सुटी फिरती ठेवतात, म्हणजे पाट्यानें भार पाहावा व दांड्यानें पीळ.

रानांत चालणाऱ्या चारचाकी गाडीसाठीं कारागिरांनीं याच दांड्यावर एक सुंदर तोड काढली आहे. दांडा एकच ठेवावयाचा, आणि त्याचें पुढचें टोंक सांगाड्याला सरळ न बांधतां एका उभ्या शॅकलमध्यें टांगावयाचें. शॅकल पुढें-मागें झुलतें, त्यामुळें दोन कमानींचें भांडण मिटतें. पण वर-खालीं तें ताठ असल्यामुळें पीळ अडतो. सांध्याला थोडें मुरडतां येण्याजोगा रबरी बुश असला, म्हणजे एक चाक खडकावर व दुसरें खळग्यांत असतांहि दांडा तक्रार करीत नाहीं. शिवाय हा मागें जातांनाहि व ब्रेक लावतांनाहि काम करतो, कारण तेव्हां आंस उलट दिशेनें पिळतो. थापटदांड्याला तेथें कांहींच करतां येत नाहीं. चिखलांत रुतलेली गाडी बहुधा मागेंच काढावी लागते, हें विसरून चालणार नाहीं.

दांड्याची लांबी किती असावी, हा प्रश्न पुष्कळ लोक मापाच्या सोयीनें सोडवितात. तो हिशेबानें सोडविला पाहिजे. ५०० किलोग्रॅम-मीटरचा पीळ एक मीटर लांबीच्या दांड्यानें रोखावयाचा तर त्याचें पुढचें टोंक सांगाड्याला ५०० किलोग्रॅमनें वर रेटील. दांडा अर्ध्या मीटरचा केला तर १००० किलोग्रॅमनें. दोन दांडे असले तर हें ओझें वांटलें जातें. आंखूड दांडा गाडीला झटका देतो व लगेच निवतो. लांब दांडा सौम्यपणें पण टिकून काम करतो. ओझें ओढणाऱ्या डीझेल पिकअपला यासाठींच लांब दांडे लावतात. एवढा रेटा ज्या ठिकाणीं सांगाड्यावर येणार, तेथें पातळ पत्र्यावर दोन बोल्ट मारून भागत नाहीं. आडवा तुळा किंवा जाड बैठक हवी.

तिसरा प्रकार अधिक चतुर आहे. कॅल्व्हर्ट रेसिंगचे कॅलट्रॅक्स हा त्याचा प्रसिद्ध नमुना. पाट्याच्या पुढच्या कानाच्या बोल्टावर एक त्रिकोणी पट्टी फिरती बसवितात, आणि आंसाच्या खालच्या बाजूपासून तिच्यापर्यंत पाट्याला जवळजवळ समांतर असा दांडा नेतात. आंस पिळूं लागला कीं त्याचें खालचें अंग पुढें सरकतें, दांडा त्रिकोणाला ढकलतो, त्रिकोण फिरतो, व त्याचें वरचें टोंक पाट्याला वरून दाबतें. पाट्याचा पुढचा भाग ज्या दिशेनें फुगावयाचा, नेमका तेथेंच त्याला हात लागतो. दांडा पाट्याच्या पुढच्या भागाच्या बरोबरीनेंच झुलत असल्यामुळें तंटा होत नाहीं, आणि जोर नसतां गाडी नेहमींसारखी मऊ चालते. रोज रस्त्यावर चालून अधूनमधून जोर मागणाऱ्या पिकअपला हाच प्रकार बहुधा सर्वांत मानवतो. किंमत जास्त पडते, आणि दांड्याची लांबी आट्यांवर काळजीपूर्वक जुळवावी लागते. शिवाय खालीं लोंबणारी बैठक दगडांत अडकते, म्हणून रानवाटेच्या गाडीनें त्याच्या वाटेला जाऊं नये.

ज्याला यांतलें कांहींच नको त्यानें पाटाच ताठ करावा, म्हणजे पुढच्या अर्ध्या भागांत एखादी पट्टी वाढवावी व पट्ट्या आवळपट्टीनें एकत्र धराव्यात. भाराची गाडी असेल तर हा उपाय अंगवळणी पडतो. हलक्या गाडींत बसणाऱ्यांची मणक्यांसकट ओळख होते.

गाडी उंच दिसावी म्हणून आंस व पाटा यांच्यामध्यें ठोकळे घालण्याची हौस अलीकडे फार बोकाळली आहे. जमिनीवरचा रेटा आणि पाटा यांमधील उभें अंतर जितकें अधिक, तितका पीळ अधिक. हें अंतर ४५ सेंटिमीटर असलेल्या गाडींत १० सेंटिमीटरचा ठोकळा घातला कीं पीळ पांचव्या हिश्शाहून अधिक वाढतो. अशी गाडी नाचूं लागल्यावर मालक दांडे शोधीत फिरतो. ठोकळा काढून उंच कमानीचा पाटा घालावा, हें त्याला कोणी सांगत नाहीं, कारण दांडे विकण्यांत दुकानदाराचा लाभ आहे.

कोणतेंहि साधन घेण्यापूर्वीं गाडीखालीं दिवा घेऊन एकदां शिरावें. यू बोल्ट ढिले असले, कानाचे बुश झिजले असले, सेंटर बोल्ट तुटून पट्ट्या सरकल्या असल्या, तर नाच त्यामुळेंच असतो, आणि थोड्या खर्चांत थांबतो. पाट्यावर पीळ पडतो कीं नाहीं हें पाहण्याची रीतहि साधी आहे. मोकळ्या जागीं एकानें गाडीला जोर द्यावा व दुसऱ्यानें बाजूला सुरक्षित अंतरावर उभें राहून शाफ्टच्या मागच्या टोंकाकडे पाहावें. नाक स्पष्ट वर उचललेलें दिसलें तर दांड्याचा विचार करावा, आणि चाक नुसतेंच फिरलें तर टायर व डिफरन्शियल यांचा.

हिंदुस्थानांतील वाचकांना याचा संबंध दूरचा वाटेल, परंतु महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास ज्या विलीस जीपा येथें आणल्या त्यांच्या चारहि कोपऱ्यांत पाटेच होते, आणि आजहि गल्लींत भाजीपाला घेऊन येणाऱ्या छोट्या मालगाड्यांपैकीं पुष्कळांच्या मागें पाटेच आहेत. येथें मात्र एक गोष्ट वेगळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, कारखानदारानें ठरविलेल्या व नोंदणीच्या दाखल्यांत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकास परस्पर करतां येत नाहीं. सांगाड्याला तुळे जोडून दांडे टांगण्यापूर्वीं नोंदणी-कचेरींत व विमा-कंपनींत चौकशी करावी हें उत्तम. झिजलेले बुश बदलणें, कारखान्याच्याच मापाचा पाटा नवा बसविणें, यांना असा अडथळा नाहीं. आणि पाटा बसवितांना जुने यू बोल्ट पुनः वापरूं नयेत. एकदां ताणलेले बोल्ट पुनः तसेच धरत नाहींत. नवे घालावे, व शे-दोनशें किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुनः एकदां आवळून घ्यावे.